लठ्ठपणा, दाह आणि प्रतिकारसंस्था : एका संकल्पनेचा इतिहास आणि त्यातील मुंबई-पुण्याचा वाटा

प्रस्तावना

शरीराच्या वजनाविषयी मराठी समाजाची दृष्टी त्याच्या बोलीतच साठलेली आहे. तान्ह्या मुलाने बाळसे धरले की घराला समाधान वाटते. मोठा माणूस अंगाने भरला तर तो 'खात्यापित्या घरचा' ठरतो. आणि त्याचेच पोट सुटले की तो थट्टेचा विषय होतो. कौतुक असो वा थट्टा, दोहोंमागचे गृहीत एकच आहे. चरबी म्हणजे खाल्लेल्या अन्नाची शिल्लक, आणि ती किती उरली हे तराजू सांगतो. प्राचीन वैद्यकाने स्थौल्याचा विचार केला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही निंदित पुरुषांत स्थान मिळाले आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगितले असून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो असे वर्णन येते. या नोंदींत आधुनिक सिद्धान्त शोधण्याचे कारण नाही. तथापि मधुमेही माणूस कृशही असू शकतो, ही गोष्ट भारतीय वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती, एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गेल्या दीडशे वर्षांत चरबीविषयीची शास्त्रीय कल्पना मुळापासून पालटली. निष्क्रिय कोठार मानली गेलेली मेद ऊती आज एक क्रियाशील अवयव मानली जाते. या अवयवात प्रतिकारसंस्थेच्या पेशी वस्तीला असतात आणि त्यांनी पेटवलेला मंद दाह मधुमेह व हृदयविकाराकडे नेणाऱ्या वाटेवरचा एक टप्पा ठरतो. या इतिहासातील बरीच नावे अमेरिका, युरोप व जपानमधील आहेत. मात्र त्याची दोन प्रकरणे मुंबई आणि पुणे येथे लिहिली गेली आणि मराठी वाचकाला ती फारशी परिचित नाहीत. प्रस्तुत लेखात त्या दोन प्रकरणांना मध्यवर्ती ठेवून या संकल्पनेच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

विसरलेला धागा

या इतिहासाचा आरंभ एका औषधापासून होतो. १८७६ मध्ये विल्हेल्म एब्स्टाइन या जर्मन वैद्याने सोडियम सॅलिसिलेट दिल्याने काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर कमी होते असे नोंदवले. १९०१ मध्ये मँचेस्टरच्या आर. टी. विल्यमसन यांनीही तसाच अनुभव प्रसिद्ध केला. सॅलिसिलेट म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातील, दाह शमवणारे द्रव्य. ते मधुमेहावर का चालावे, याचे उत्तर त्या काळी कोणापाशीच नव्हते. पुढे १९२१-२२ मध्ये इन्सुलिन हाती आले आणि मधुमेह हा इन्सुलिनच्या अभावाचा रोग ठरला. दाहाचा धागा त्या यशाच्या झगमगाटात हातातून निसटला.

इन्सुलिनयुगातही काही निरीक्षणे चौकटीत बसत नव्हती. १९३६ मध्ये हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी इन्सुलिनला दाद देणारे आणि दाद न देणारे असे मधुमेह्यांचे दोन वर्ग दाखवले. १९४७ मध्ये मार्सेचे झाँ व्हाग यांनी चरबी किती यापेक्षा ती कोठे साठली याला महत्त्व दिले. कंबरेवर व पोटात साठलेली चरबी मांड्यांवरच्या चरबीहून घातक असते, हे त्यांचे म्हणणे मान्य व्हायला अनेक दशके जावी लागली. चरबी जर निव्वळ शिल्लक असेल तर ती कोणत्या कोठीत ठेवली याने काय फरक पडावा, हा प्रश्न त्यात दडलेला होता.

मुंबई : कोंबड्यांची साथ आणि एक महाविद्यालयीन नियतकालिक

मुंबईचे प्रकरण १९८० च्या दशकातले आहे. त्या काळात कुक्कुटपालन केंद्रांवर एक साथ येऊन कोंबड्या मोठ्या संख्येने मेल्या. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित शास्त्रज्ञ एस. एम. अजिंक्य यांनी या साथीमागच्या विषाणूचा शोध घेतला. हा विषाणू ॲडेनोव्हायरस कुळातील असून तो 'एसएमएएम-१' या नावाने ओळखला जाऊ लागला. मेलेल्या कोंबड्यांच्या शवविच्छेदनात यकृत व मूत्रपिंडे सुजलेली आढळत आणि थायमस ही प्रतिकारपेशींना घडवणारी ग्रंथी आक्रसलेली असे. त्यासोबत पोटात भरपूर चरबीही दिसे.

लठ्ठपणावर उपचार करणारे मुंबईतील डॉक्टर निखिल धुरंधर यांच्या कानी अजिंक्यांकडून हे वर्णन आले आणि त्यांना ते खटकले. साथीच्या रोगाने मरणारा पक्षी वाळायला हवा. त्याच्या पोटात चरबी का साठावी? या एका विसंगतीतून पुढचे सारे संशोधन उभे राहिले. निरोगी कोंबड्यांना हा विषाणू टोचला असता त्यांच्या पोटातील चरबी वाढली, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड मात्र उतरली. लठ्ठपणात सर्वसाधारणपणे याच्या उलट घडते. धुरंधर, कुलकर्णी, अजिंक्य व शेरीकर यांचा या विषयावरील छोटा लेख १९९० मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या स्वतःच्या नियतकालिकात आला आणि सविस्तर निबंध १९९२ मध्ये पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात. लठ्ठपणाच्या संशोधनात एक नवी शाखा ज्यातून फुटली ती पहिली नोंद दोन पानांची होती आणि ती एका महाविद्यालयाने छापली होती, हे महाविद्यालयीन नियतकालिकांना हिणवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

याच गटाने मुंबईतील ५२ लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधली. दहा जणांत ती सापडली. हे दहा जण इतरांपेक्षा अधिक वजनाचे होते आणि त्यांचे कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड कमी होते. हा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान १९९२ मध्ये धुरंधर अमेरिकेस गेले होते. मुंबईचा विषाणू तेथे नेण्यास अमेरिकी कृषी खात्याने परवानगी नाकारली. तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड ॲटकिन्सन यांच्यासमवेत काम करताना त्यांनी मानवी ॲडेनोव्हायरस-३६ निवडला. हा विषाणू १९७८ मध्ये जर्मनीत एका आजारी मुलीच्या नमुन्यातून वेगळा केलेला होता. २००० मध्ये या विषाणूने कोंबड्या व उंदरांत चरबी वाढते असे त्यांनी दाखवले. २००५ च्या अभ्यासात ५०२ अमेरिकी व्यक्तींपैकी लठ्ठांत ३० टक्के आणि इतरांत ११ टक्के लोकांत या विषाणूची प्रतिपिंडे आढळली. परंतु २०१० मध्ये अमेरिकी सैनिकांवर झालेल्या अभ्यासात असा कोणताही संबंध दिसला नाही.

प्रतिपिंडे संसर्ग होऊन गेल्याची साक्ष देतात; संसर्गामुळेच वजन वाढले याची नव्हे. माणसाला मुद्दाम संसर्ग घडवून पाहणे नीतीला धरून नाही, त्यामुळे ही कोंडी सहज सुटणारी नाही. विषाणूमुळे मोठ्या प्रमाणावर लोक लठ्ठ होतात हे सिद्ध झाले आहे असे म्हणता येत नाही, आणि या संशोधनाचे वर्तमानपत्री मथळे पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावले. तरीही त्याचे ऐतिहासिक मोल कमी होत नाही. लठ्ठ माणूस हा केवळ आपल्या जिभेचा गुलाम असतो, या सोप्या न्यायनिवाड्याला प्रयोगशाळेतून मिळालेल्या पहिल्या आव्हानांपैकी हे एक होते. चरबी आणि प्रतिकारसंस्था यांची गाठ मुंबईत अशा रीतीने पडली.

कोठारातील पहारेकरी

अन्यत्र याच गाठीकडे दुसऱ्या वाटेने वाटचाल चालू होती. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे प्रतिकारपेशींनी स्रवलेले प्रथिन १९७५ मध्ये अर्बुदे नष्ट करणारे द्रव्य म्हणून प्रसिद्ध झाले. १९८५ मध्ये असे उघड झाले की, दीर्घ आजारात शरीर झिजवणारे 'कॅचेक्टिन' ते हेच. १९९३ मध्ये गोखान होतामिस्लिगिल, नरिंदर शारगिल व ब्रूस स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या मेद ऊतीत हेच प्रथिन जादा प्रमाणात तयार होते आणि ते निष्प्रभ केल्यास इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारते असे दाखवले. ज्याचे नाव झिजण्याशी जोडलेले, तेच द्रव्य लठ्ठ देहाच्या चरबीत सापडावे हा योगायोग विलक्षण खरा. चरबी संदेश पाठवते ही गोष्ट १९९४ मध्ये लेप्टिनच्या शोधाने पक्की झाली.

हे दाहकारक द्रव्य चरबीत स्रवते कोण? डिसेंबर २००३ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी उत्तर दिले. मेद ऊतीत महाभक्षी पेशी, म्हणजे जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या प्रतिकारपेशी, मोठ्या संख्येने शिरतात. सडपातळ व्यक्तींच्या मेद ऊतीतील पेशींत त्यांचा वाटा १० टक्क्यांहून कमी, तर लठ्ठ व्यक्तींत तो सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जातो. २००५ मध्ये सावेरिओ चिंती यांच्या गटाने या पेशी कोठे गोळा होतात ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. मेदपेशी फुगत फुगत मरते आणि तिच्या अवशेषाभोवती महाभक्षी पेशी मुकुटासारख्या कडे करून बसतात. २००९ मध्ये टी पेशींचा सहभागही पुढे आला. दाह वाढवणाऱ्या टी पेशी लठ्ठपणात वाढतात आणि त्याला आवर घालणाऱ्या घटतात.

जखम झाली की लाली येते, सूज येते, ठणका लागतो आणि काही दिवसांत सारे निवळते. मेद ऊतीतील दाह यांपैकी कोणतेही चिन्ह दाखवत नाही आणि निवळतही नाही. त्यातून सुटलेली द्रव्ये यकृत व स्नायूंपर्यंत पोहोचून इन्सुलिनच्या संदेशात अडथळा आणतात. रक्तात त्याची खूण म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन किंचित चढलेले राहते. लंडनचे जॉन युडकिन यांनी १९९९ मध्येच निरोगी व्यक्तींतील या प्रथिनाचा संबंध लठ्ठपणा व इन्सुलिनरोधाशी जोडून त्याचे मूळ मेद ऊतीत असावे अशी शंका मांडली होती. याच युडकिन यांची पुढे पुण्याशी गाठ पडली.

पुणे : तराजूला न दिसणारी चरबी

पुण्याच्या केईएम रुग्णालयात (मुंबईच्या त्याच नावाच्या रुग्णालयाशी त्याची अनेकदा गल्लत होते) चित्तरंजन याज्ञिक यांच्यासमोरचा प्रश्न पाश्चात्त्य संशोधकांहून वेगळा होता. तेथे येणारे मधुमेही रुग्ण पाश्चात्त्य ग्रंथांत वर्णिलेल्या रुग्णांपेक्षा वयाने लहान व अंगाने बारीक असत. चरबीमुळे दाह आणि दाहामुळे मधुमेह हे सूत्र खरे मानले, तर चरबीच नसलेल्या माणसाचे काय?

उत्तराचा एक भाग खेड्यांत मिळाला. डॉ. बानू कोयाजी यांनी वढू येथे उभारलेल्या ग्रामीण आरोग्यकार्याने या रुग्णालयाचे आसपासच्या गावांशी विश्वासाचे नाते जोडले होते. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता-पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या संशोधकांचा त्यात सहभाग होता. गर्भावस्थेतील पोषण आणि उतारवयातील रोग यांचा संबंध जोडणारा डेव्हिड बार्कर यांचा सिद्धान्त तेथूनच आलेला होता. या खेड्यांतील मातांचे सरासरी वजन गरोदरपणापूर्वी सुमारे ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण बाळांची मोजमापे तपशिलाने घेतली तेव्हा स्नायू व पोटातील अवयव यांत पुण्याची बाळे फार मागे असली, तरी पाठीवरच्या त्वचेखालील चरबीत ती फारशी मागे नव्हती, असे दिसले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय बाळाची कल्पना रूढ केली. जन्माच्या वेळी नाळेतून घेतलेल्या रक्तात, वजनाचा हिशेब धरता, इन्सुलिन व लेप्टिन अधिक असते, हेही याच गटाने २००२ मध्ये दाखवले होते. बाळसे नसलेल्या बाळातही चरबी होती.

२००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि युडकिन यांनी स्वतःचे छायाचित्र छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, म्हणजे तराजू आणि उंचीच्या हिशेबाने दोघे सारखे. क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजलेली चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'वाय-वाय विरोधाभास' हे नाव मिळाले. एका पानाच्या या विनोदाने जे काम केले ते कित्येक तक्त्यांना साधले नसते. वजनाच्या निर्देशांकावर विसंबून भारतीय माणसाला निर्धास्त राहता येणार नाही, हे वैद्यकीय जगाला त्यातून कळले.

दाहाचा प्रश्न या गटाने थेटपणे हाताळला तो २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात. पुणे परिसरातील मध्यमवयीन, निरोगी पुरुषांचे तीन गट त्यात घेतले होते : १४९ ग्रामीण, १४२ झोपडपट्टीतील आणि १५० शहरी मध्यमवर्गीय. शहरी मध्यमवर्गीयांत शरीरातील चरबी सर्वांत अधिक होती आणि ग्रामीण पुरुषांच्या तुलनेत दाहाच्या खुणाही अधिक होत्या. केवळ जंतुसंसर्ग हेच दाहाचे कारण असते तर हा क्रम कदाचित उलटा लागला असता. कारण स्वच्छ पाणी व निचऱ्याच्या सोयी मध्यमवर्गीय घरांतच अधिक असतात. येथे प्रतिकारसंस्था जंतूंशी झुंजत नव्हती. ती घरातल्याच कोठारापाशी जागत बसली होती.

या अभ्यासातील खेडे, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय घर ही तीन ठिकाणे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांच्या बाबतीत एकाच आयुष्याचे तीन टप्पे असतात. मुंबईच्या उत्तरेस मीरा-भाईंदर येथे हे उघड दिसते. काही ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५.२ लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाखांवर गेली. मिठागरे, आगर आणि भातखाचरांच्या या पट्ट्यात बेव्हर्ली पार्कसारख्या इमारतींच्या वसाहती एका पिढीत उभ्या राहिल्या. त्यांत राहणाऱ्या अनेकांचे आईवडील गावी पायी चालत, शेतात राबत. मुलांचा दिवस लोकल आणि कार्यालयीन खुर्चीत जातो. पुण्याच्या अभ्यासाने तीन गटांत जे पाहिले ते अशा वसाहतीत एकाच घरातील दोन पिढ्यांत घडत असणे शक्य आहे.

औषधांची कसोटी

दाह हे कारण असेल तर तो शमवल्याने रोग हटला पाहिजे. ही कसोटी वाटली तितकी सरळ निघाली नाही. १९९६ मध्ये मधुमेही रुग्णांना ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरविरोधी प्रतिपिंड देऊन पाहिले. उंदरांत जे साधले ते माणसांत साधले नाही. २००१ मध्ये बोस्टनच्या स्टीव्हन शोल्सन यांच्या गटाने सॅलिसिलेट नेमके कोणत्या दाहमार्गाला रोखते ते दाखवले आणि एब्स्टाइनचे सव्वाशे वर्षांपूर्वीचे कोडे उलगडले. त्यावरून झालेल्या मोठ्या चाचणीत सॅल्सलेटमुळे तीन महिन्यांच्या साखरेचा निर्देशांक सुमारे ०.४ टक्क्याने उतरला. हा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. २०१७ मध्ये दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवरील 'कॅन्टोस' चाचणीत इंटरल्युकिन-१ बीटाविरोधी प्रतिपिंडाने हृदयविकाराच्या घटना घटल्या, परंतु नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण त्याने घटले नाही.

म्हणजे दाह हा लठ्ठपणा आणि रोग यांमधला एक दुवा आहे. संपूर्ण साखळी नव्हे. प्रतिकारपेशी मेद ऊतीत शिरतात त्या मृत पेशींची साफसफाई करण्याच्या कामासाठीच, आणि थोडा दाह मेद ऊतीच्या निरोगी वाढीसाठीही लागतो असे नंतरच्या प्रयोगांतून सुचवले गेले आहे. पहारेकऱ्याला हाकलून कोठार वाचत नाही.

मोजपट्टी मात्र बदलली. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसमितीने आशियाई लोकांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ पासूनच सावध होण्याचा सल्ला दिला. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची मर्यादा २५ वर आणली आणि कंबरेच्या घेरासाठी पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटरची सीमा ठरवली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १०.१ कोटी असल्याचे सांगितले. पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत होता, तर निर्देशांकावर मोजलेला सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्क्यांत. या दोन आकड्यांमधल्या अंतरात पुण्याच्या त्या छायाचित्राचाच अर्थ पुन्हा दिसतो.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या त्या सहा खेड्यांच्या अभ्यासातील बाळे आता तरुण झाली आहेत. वयाच्या अठराव्या वर्षी तपासलेल्या ६१९ जणांपैकी ३७ टक्के मुलांत आणि १८ टक्के मुलींत रक्तशर्करेचे नियमन बिघडलेले आढळले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या ६१९ जणांपैकी ४८ टक्के कमी वजनाचे होते. इन्सुलिन पुरेसे स्रवण्याची त्यांच्या स्वादुपिंडाची ताकद लहानपणापासूनच तोकडी होती, असे संशोधकांना दिसले. चरबी आणि दाह यांच्या सूत्रात ही मुले पुरती बसत नाहीत, आणि पुण्यातील संशोधनापुढे आज तोच प्रश्न उभा आहे.